लीजची गाडी महाग पडतेय? परत द्यावी, विकत घेऊन विकावी की मुदत काढावी

माझा मावसभाऊ पुण्याची नोकरी सोडून गुहागरला आला, वडिलांची आंब्याची बाग आणि दोन खोल्यांचा होमस्टे बघायला. सोबत आली ४८ महिन्यांच्या लीजवर घेतलेली गाडी, महिना २९,५०० रुपये. पगार होता तेव्हा ते खटकलं नाही, पण इथे पैसा येतो तो आंब्याला आणि सुट्टीच्या सीझनला, आणि भाडं मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून जातंच, होमस्टे पावसात रिकामा असला तरी. मला म्हणाला, "दादा, गाडी परत देऊन टाकतो, सुटतो एकदाचा." म्हटलं थांब, आधी कागद काढ.

आठवडाभर त्या कागदांवर बसलो तेव्हा कळलं की "परत देणं" आम्हाला विकत घेऊन विकण्यापेक्षा बरंच महागात गेलं असतं. आकडे सगळे त्याच्या करारातले आहेत, तुमच्या करारात वेगळे असतील, पण हिशोबाची पद्धत तीच.

आधी एक गोष्ट. लीज म्हणजे कर्ज नाही, भाडं आहे, गाडी लीज कंपनीची. कर्ज लवकर फेडण्याबद्दल रिझर्व्ह बँकेचे जे नियम आपण ऐकतो ते इथे सरळ लागतील असं धरू नका, जे काय आहे ते तुमच्या सहीच्या करारात.

मुदत काढायची म्हटली तर २० महिने भरून झालेले, २८ राहिलेले, म्हणजे ८,२६,००० रुपये, आणि शेवटी हातात गाडी नाही. पण खरी मेख किलोमीटरची होती. करारात वर्षाला १५,०००, त्याच्या वर प्रत्येक किलोमीटरला ८ रुपये. पुण्यात ते पुरलं असतं, पण आमच्याकडे चिपळूणला जाऊन आलं की ९० किलोमीटर होतात, मुंबईची एक फेरी म्हणजे पाचशेच्या वर. २० महिन्यांत ३४,००० झाले होते, म्हणजे याच चालीने ४८ महिन्यांत ८१,६०० होणार, मर्यादा ६०,०००, वरच्या २१,६०० चे १,७२,८०० रुपये वेगळे. हा आकडा त्याने आधी कधी काढलाच नव्हता.

त्यात परत देताना गाडीची तपासणी असते. आपल्याकडच्या गाडीचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, चाकाच्या आतल्या बाजूला तांबडी माती घट्ट बसलेली, खाऱ्या हवेने दाराच्या बिजागरीला आणि खाली सायलेन्सरला गंज, डावीकडे वाडीतल्या गडग्याला घासल्याचा लांब ओरखडा. आम्ही टॉर्च घेऊन गाडीखाली बघितलं तर बोल्ट सोलवटलेले होते. शहरातला तपासणीवाला हे सगळं "नुकसान" म्हणूनच लिहिणार.

आता आत्ताच परत देणं. करारात लिहिलं होतं की उरलेल्या भाड्याच्या ३५ टक्के भरा. म्हणजे २,८९,१००, वर ९,००० जास्तीच्या किलोमीटरचे (२० महिन्यांची मर्यादा २५,०००) ७२,०००, वर जीएसटी, वर तपासणीत निघेल ते. ६०,००० ची अनामत त्यातच वळती होणार. इथे आम्ही भांडलो आणि तुम्हीही भांडा. २९,५०० मध्ये नुसती गाडी नव्हती, विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं होतं, आणि गाडी परत गेली की पुढच्या २८ महिन्यांचा हा खर्च कंपनी करणारच नाहीये, मग त्यावर ३५ टक्के कसले? मेल केला, दंडाच्या आकड्याची फोड मागितली, भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७४ लिहिलं (करारात दंड लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, जास्तीत जास्त त्या रकमेइतकी), आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अवाच्या सवा दंडाच्या कराराला अन्यायकारक म्हटलंय हेही लिहिलं. दोन आठवड्यांनी ३५ चे २५ टक्के झाले, २,०६,५००. किलोमीटर धरून २,७८,५००. फोनवर कोणी काही सोडलं नसतं, लेखी मागा.

याच्या शेजारी ठेवा विकत घेऊन विकणं. गाडी आम्हाला विकत द्यायचा कंपनीने आकडा दिला ९,४०,०००. चिपळूणला तीन ठिकाणी गाडी दाखवली, ७,६०,००० पासून ८,१०,००० पर्यंत भाव आला. भाव कमी यायचं कारण म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीच स्वस्त झाली तर जुनीला कोण जास्त देणार, कंपनीचा आकडा मात्र जुन्या किमतीवर बेतलेला. आणि २०२१ च्या पुरानंतर चिपळूणचा गिऱ्हाईक आधी मॅट उचलून वास घेतो, तिथे आमची गाडी कोरडी निघाली म्हणून निभावलं. तरीही बघा, तोटा १,३०,०००. जास्तीच्या किलोमीटरचे पैसे नाहीत, ओरखड्याचे नाहीत, कारण कंपनीकडे गाडी जातच नाही. परत देण्यापेक्षा दीड लाखाच्या आसपास वाचले.

अडचण एकच, नऊ लाख चाळीस आणायचे कुठून. त्यावर उपाय निघाला, खरेदीदाराने ८,१०,००० थेट लीज कंपनीच्या खात्यात भरले, वरचे १,३०,००० भावाने, आणि कंपनीने फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलण्याचे आरटीओचे फॉर्म) वर सही करून गाडी सरळ खरेदीदाराच्या नावावर दिली. सगळ्या कंपन्या याला तयार होतील असं नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सुचवत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ लागतो, ते पैसे भरायच्या आधी ठरवून घ्या.

लीज दुसऱ्याच्या नावावर करता आली तर ती सगळ्यात स्वस्त, पण कंपनीची परवानगी हवी, समोरच्याचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बघतात, आणि तुम्हाला मोकळं केल्याचं पत्र हवंच. आम्हाला माणूस मिळाला नाही. पगारातून कापली जाणारी लीज असेल आणि नोकरी बदलत असाल तर आधी नव्या नोकरीच्या कंपनीला विचारा, कधी कधी ते पुढे चालवतात.

गावात आणखी एक सल्ला हमखास मिळतो, की स्टँपपेपर करून कोणाला तरी देऊन टाक, तो हप्ते भरेल. कृपा करून हे करू नका. गाडी तुमची नाहीच, ती अशी दिली तर विश्वासघाताची तक्रार होऊ शकते, आणि त्याने भरलं नाही तर कंपनी तुमच्याच दारात येणार. भाडं बंद करून बसणंही तसंच, ऑटो डेबिट बाउन्स झालं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा होऊ शकतो, चेक बाउन्ससारखाच, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

माझं मत विचाराल तर सहा-आठ महिनेच राहिले असतील आणि किलोमीटर मर्यादेत असतील तर गपचूप मुदत काढा. वर्षाच्या वर राहिलं असेल तर आधी दोन आकडे लेखी घ्या, परत द्यायचा आणि विकत घ्यायचा, आणि दुसऱ्यातून बाजारभाव वजा करा, उरेल ते पहिल्याशी ताडून बघा. विकायची असेल तर गणपतीच्या आधी दाखवा, चाकरमानी यायच्या सुमारास आमच्याकडे गाडीला गिऱ्हाईक असतं.

पैसे भरल्यावर "काही देणं नाही" हे पत्र घ्या आणि बँकेतलं ऑटो डेबिटचं मँडेट (पैसे कापायला दिलेली परवानगी) स्वतः जाऊन रद्द करा. भावाने ते केलं नव्हतं, पुढच्या ५ तारखेला २९,५०० पुन्हा कापले गेले आणि ते मिळवायला अजून तीन आठवडे लागले.