इगो समजून घ्यायचाय: आधी फ्रॉइड वाचावा की दोस्तोव्हस्की?

‘त्याचा इगो दुखावला’ असं आपण सहज म्हणतो. तिथे इगो म्हणजे ताठा, मीपणा. हाच अर्थ मनात धरून मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड वाचायला घेतला की माणूस गोंधळतो, कारण फ्रॉइडचा इगो चहूबाजूंनी गांजलेला असतो.

मनातलं द्वंद्व समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की मला दोन पुस्तकं आठवतात. फ्रॉइडचं ‘द इगो अँड द इड’ (१९२३) आणि दोस्तोव्हस्कीची कादंबरी ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (१८६६).

फ्रॉइडचं पुस्तक पातळ आहे, पण वाचायला जड. त्याने मूळ जर्मनमध्ये ‘इश’ म्हणजे ‘मी’ आणि ‘एस’ म्हणजे ‘ते’ असे रोजचे शब्द वापरले होते. इंग्रजीत त्यांचं लॅटिन झालं, इगो आणि इड, आणि मराठी अभ्यासक्रमात ते अहम् आणि इदम् होऊन आले, सोबत पराहम्, म्हणजे सुपरइगो. इगोच्या जागी ‘मी’ ठेवून वाचा, बरंच मोकळं होतं. हा ‘मी’ घोडेस्वारासारखा आहे, असं फ्रॉइड म्हणतो. घोडा म्हणजे ‘ते’. जोर घोड्याचा, आणि पुष्कळदा घोड्याला जायचं असेल तिकडेच त्याला न्यावं लागतं, जणू ती स्वतःचीच इच्छा होती. खालून वासना रेटतात, बाहेरून जग अडवतं, आणि लहानपणी आईवडिलांकडून आत शिरलेला पराहम् वरून दटावत राहतो. या तिघांना सांभाळता सांभाळता ‘मी’ची दमछाक होते.

कादंबरीत असा नकाशा मिळत नाही. तिथे पीटर्सबर्गचा उकाडा आहे, जिन्याच्या टोकाशी कोंदट खोली आहे आणि शिक्षण सोडलेला रास्कोल्निकोव्ह आहे. त्याच्या नावातच ‘रास्कोल’, म्हणजे दुफळी. नेपोलियनसारख्या असामान्य माणसांना नियम ओलांडायचा हक्क असतो, असा लेख त्याने लिहिलेला असतो. कादंबरीचे भाग सहा, आणि त्याने केलेला सावकार म्हातारीचा खून पहिल्याच भागाच्या शेवटी उरकतो. पुढचे पाच भाग शिक्षेचे. ठोस पुरावा कुणाकडे नसतो, पण चोरलेला ऐवज तो मोजतही नाही, एका दगडाखाली दडपून टाकतो. पोलीस कचेरीत त्याला भोवळ येते. आपल्या बोलण्यातला ताठ इगो आणि फ्रॉइडचा पिचलेला ‘मी’ इथे एकाच माणसात राहतात. ताठा आणि भीती एकमेकांना इतकी चिकटून असतात, हे मला या कादंबरीनेच दाखवलं.

एका ठिकाणी दोघांची वाट वेगळी होते. अपराधी भावना कधी कधी गुन्ह्याच्या आधीच मनात असते, गुन्हा तिचं कारण नसून परिणाम असतो, असं फ्रॉइड मांडतो. विलक्षण विचार आहे. तो रास्कोल्निकोव्हला लावून पाहण्याचा मोह होतोच. पण गुन्हा कबूल करून सैबेरियात शिक्षेला पोचल्यावरही त्याला पश्चात्ताप होत नाही, शेवटपर्यंत तग धरता आला नाही एवढीच चूक तो मानतो. सिद्धान्त इथे ‘अबोध अपराधभाव’ म्हणून पुढे जाईल. कादंबरी थांबते, त्याच्याजवळ बसून राहते. मला तिथे कादंबरी जास्त खरी वाटते. स्वतः फ्रॉइडनेही १९२८ साली दोस्तोव्हस्कीवर लिहिताना कबूल केलं की कलावंताच्या प्रश्नापुढे मनोविश्लेषणाला शस्त्रं खाली ठेवावी लागतात.

तेव्हा मानसशास्त्र शिकत असाल, तर आधी फ्रॉइड. संज्ञा पक्क्या हव्यातच. स्वतःच्या मनासाठी वाचत असाल, तर आधी कादंबरी, जाडी आणि लांबलचक रशियन नावं सोसूनही. नाव लवकर हाती आलं की आपण बघणं थांबवतो. ‘हा माझा पराहम् बोलतोय’ म्हटलं की काहीतरी उलगडल्यासारखं वाटतं, पण भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर दोन्ही पुस्तकं बाजूला ठेवून समुपदेशकाकडे जा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर कादंबरीच्या तिसऱ्या भागातलं पाचवं प्रकरण काढा. खुनाचा तपास करणारा पॉर्फिरी त्या लेखाबद्दल हसत हसत विचारतो आणि रास्कोल्निकोव्ह उत्तरं देत जातो. मग फ्रॉइडचं शेवटचं, पाचवं प्रकरण वाचा.