स्मार्ट वजनकाटा की कॅलिपर? पाळी धरून बघितलं तर

जिमला किंवा रनिंगला जाणाऱ्या मैत्रिणी हमखास विचारतात की फॅट मोजायला काय घेऊ. मी काटा दीड वर्ष वापरला, कॅलिपरला (चरबी चिमटीत धरून मोजायचं साधन) आता वर्ष होईल, त्यावरूनच लिहितेय. ॲप, ब्लूटूथ, किंमत वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडून देते.

काट्याची सोय मोठी आहे, सकाळी उठायचं, अनवाणी उभं राहायचं, आकडा हजर. पण तो खरं तर फॅट मोजत नाही, पायांतून बारीकसा करंट सोडून किती अडथळा लागला ते बघतो, त्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज काढतो आणि चरबी सोडून बाकीच्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून उरलेलं सगळं फॅट म्हणून दाखवतो. आता पाणीच वरखाली झालं तर तो काय करणार?

माझं नेमकं तिथेच बिनसलं. पाळीच्या आधी चार-पाच दिवस माझं वजन सव्वा-दीड किलोने वाढतं, अंगठी घट्ट होते, पोट फुगतं (सगळ्यांना असं होतंच असं नाही, पण बऱ्याच जणींना होतं). त्या दिवसांत काटा फॅट २६ टक्क्यांवरून साडेचोवीसवर आलेलं दाखवायचा, कारण पाणी वाढलं की करंट सहज जातो आणि काटा ते स्नायूंच्या खात्यात टाकतो. उलट रविवारी वेताळ टेकडीला लांब पळून घामाने निथळत घरी आलं की तेच फॅट २८! म्हणजे वजन एक सांगतंय, फॅट दुसरंच, आणि मी वजनाला घाबरून रात्रीची भाकरी बंद केली, तीही ज्या आठवड्यात मला भूक सगळ्यात जास्त लागते त्याच आठवड्यात. असं तीन महिने केलं. पाय जड, झोप उडालेली, आणि एरवी २८-२९ दिवसांनी येणारी पाळी ४० दिवसांवर गेली. डॉक्टर म्हणाल्या, व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडतंय. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये याच प्रकाराला रेड-एस असं नाव दिलंय, त्यात पाळीबरोबर हाडांचंही नुकसान होतं. एका आकड्यापायी हे मी ओढवून घेतलं याचं अजून वाईट वाटतं.

कॅलिपर म्हणजे कातडीखालची चरबी चिमटीत धरून मोजायची. बायकांसाठी जॅक्सन-पोलॉकच्या पद्धतीत तीन जागा आहेत, दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या जरा वर आणि मांडीचा पुढचा भाग, सगळं उजव्या अंगाला. दंडाचं आपलं आपल्याला जमत नाही, माझी बहीण मोजते, आणि दर वेळी तीच मोजते कारण हात बदलला की आकडा बदलतो. पहिल्या महिन्यातली मापं मी धरलीच नाहीत, हात बसायला तेवढा वेळ लागतो. व्यायाम करून आल्याआल्या किंवा क्रीम लावून मोजू नका. टक्केवारीत मी पडत नाही, तिन्हींची मिलिमीटरमधली बेरीज लिहून ठेवते, वर्षात ६४ ची ५८ झालीय. आणि पाळीच्या आधी मोजा नाहीतर नंतर, माझ्या बाबतीत फरक एखाद-दोन मिलिमीटरचाच पडतो. जोडीला शिवणकामाची टेप, पण पोटाचं माप पाळीच्या आधी घेत नाही.

डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी चरबी, स्नायू, हाडं मोजायची तपासणी) वर्षातून एकदा केला तर ठीक, पण पाणी तोही स्नायूंच्याच बाजूला धरतो.

काटा आधीच घरात असेल तर टाकून देऊ नका. पाळी सुरू झाल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, सकाळी, पाणी प्यायच्या आधी उभ्या राहा आणि तो आकडा पुढच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशीच लावून बघा, मधले आकडे सोडून द्या. पीसीओएसमुळे ज्यांची तारीखच ठरलेली नसते त्यांना मात्र हे जमणं अवघड, त्यांनी माझ्या मते सरळ कॅलिपर घ्यावा आणि मोजायला घरातलं कुणीतरी तयार करावं.