गुडघ्यात पाणी झालं म्हणून नी कॅप घेतली, दोन महिन्यांचा अनुभव

सरळ सांगते, नी कॅपने पाणी जात नाही. मी पण त्याच आशेने घेतली होती. गुडघा टम्म फुगलेला, पूर्ण वाकतच नव्हता आणि मी आपली कॅप घालून बसलेय, चांगले आठ दिवस वाया घालवले. शेवटी डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, तब्बल ४० मिली निघालं! निरोगी गुडघ्यात म्हणे जेमतेम ३-४ मिली असतं. काढलेलं पाणी तपासायला पाठवतात हे मला माहीतच नव्हतं, त्यात इन्फेक्शन आहे का, युरिक अ‍ॅसिडचे खडे आहेत का ते कळतं. माझं निघालं झिजेमुळे, म्हणजे मूळ कारण तसंच राहिलं तर पाणी परत भरू शकतं.

आता कॅपबद्दल. पाणी काढल्यावर मात्र बरा आधार वाटला, जिना उतरताना तर नक्कीच. कापड मऊ आहे पण घाम खूप येतो आणि मागे खोबणीत घडी पडून काचते. साइज मांडीचं माप घेऊनच मागवा, माझी पहिली घट्ट झाली तर पोटरीच सुजली, बदलून घ्यावी लागली. रात्री काढूनच झोपते. खरा फरक पडला तो बर्फाने (कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं) आणि मांडीच्या व्यायामाने, ज्याचा मला भयंकर कंटाळा आहे.

आणि हो, गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर कॅप-बिप शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाचपैकी तीन स्टार.