झोळी, पाळणा, कॉट की आईशेजारी? बाळाला निजवायचं कुठे

सातवा महिना लागला की घरात याद्या सुरू होतात. झबली, टोपरी, दुपटी यांची फार चिंता करू नका. बारशाला ती ढिगाने येतात, आणि काही राहिलंच तर मेन रोडवर अर्ध्या तासात मिळतं. नवं बाळ दिवसातले 14 ते 17 तास झोपेतच असतं, म्हणून ते निजणार कुठे हे आधी ठरवा.

माझी मुलगी डिसेंबरातली. नाशिकला सिडकोत वन बीएचके, माझे सिझरचे टाके ओले. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या सुती लुगड्याची झोळी हॉलमध्ये बांधली आणि पहिले पंधरा दिवस तिनेच मला तारलं. खाटेवर बसल्या बसल्या दोरी ओढायची, की पोर दोन मिनिटांत शांत. झोळीला पैसा लागत नाही, जागा अडत नाही, कापड रोज धुता येतं.

पण एका रात्री मी तिला झोळीतच राहू दिलं. पहाटे बारीक घुरघुर ऐकू आली. वाकून पाहिलं तर पाठीची कमान झालेली, हनुवटी छातीला टेकलेली आणि लुगड्याचा काठ नाकाला लागलेला. उचलून गादीवर उताणं ठेवलं तशी घुरघुर थांबली. नवजात बाळाच्या मानेत बळ नसतं. मान पुढे पडली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि ते स्वतःहून मान सरळ करू शकत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: झोळी दिवसाची, तीही कोणीतरी समोर बसलेलं असताना. डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवा.

आणि हुक बघा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत तुळईला कड्या असायच्या, त्या झोपाळासुद्धा पेलायच्या. फ्लॅटमध्ये मागाहून ठोकलेल्या हुकाचा भरवसा धरू नका, स्लॅबमध्येच ओतलेला हवा. झोळी जमिनीपासून हातभरच उंच ठेवा, खाली जाड गोधडी टाका. बाळ कुशीवर वळायला लागलं की झोळी सोडायची.

लाकडी पाळणा बारशाला शोभतो. चार-पाच महिन्यांत बाळाला तो पुरेनासा होतो, त्यामुळे नात्यात कुणाचा असेल तर मागून आणा. मात्र दांड्यांमधली फट 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि रंगाचे पोपडे निघत असतील तर तो राहू द्या.

कॉट महाग पडते, लहान बेडरूममध्ये कपाटाचं दार उघडेनासं होतं. तरी रात्रीसाठी मला तीच सगळ्यात पटते. गादी कडक आणि सपाट मिळते, आणि दीड-दोन वर्षं कामाला येते. गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटांहून जास्त फट नको. कडेचे गुबगुबीत पडदे, उशा, मऊ खेळणी काढून टाका. कॉट आईच्या पलंगाला लागून ठेवा, निदान पहिले सहा महिने.

कॉट नको असेल तर आईशेजारी. बहुतेक घरांत हेच होतं, आणि रात्री दोन-दोन तासांनी पाजायचं असताना ते सोयीचंही आहे. पण बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, किंवा अंथरुणात कोणी दारू-सिगारेट घेणारं असेल, तर एका गादीवर मुळीच नको. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं तर त्याहून वाईट. नाशिकची थंडी इथेच आड येते: पारा 10 अंशांखाली गेला की आपण दुलई गळ्यापर्यंत ओढतो आणि ती बाळाच्या तोंडावर जाते. त्यापेक्षा बाळाची वेगळी छोटी गादी आपल्या गादीशेजारी जमिनीवर घाला. त्याला आपल्यापेक्षा एखादा कपडा जास्त घाला, पांघरूण छातीच्या वर नको. दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवू नका, कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही.

मोहरीच्या उशीवरून आमच्याकडेही बोलणं झालं. डोकं गोल व्हावं ही आजीची माया खरी, पण पहिल्या वर्षात उशी कसलीच नको. बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, रोज थोडा वेळ पालथं ठेवा. डोकं चपटं होत नाही आणि मानही धरते.

माझ्या धाकट्या जावेची तारीख जानेवारीतली आहे. तिची खोली दहा बाय दहाची, म्हणून कॉट न घेता जमिनीवरची छोटी गादी ठरली आहे, वर मच्छरदाणी. दिवसा झोळी. काल सासूबाईंनी तेच लुगडं गरम पाण्यात धुऊन गच्चीवर वाळत घातलं.