अर्जात परीक्षेच्या रकान्यात ‘इतर’: दादर पश्चिमेची एक अभ्यासिका

गोखले रोडवर पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपला उतरून मागच्या गल्लीत शिरलं की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ही अभ्यासिका आहे. पाटी आहे, पण क्लासेसच्या पाट्यांत ती चटकन दिसत नाही. खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. मालकांना न विचारता नाव छापणं मला बरं वाटत नाही, म्हणून एवढ्या पत्त्यावरच भागवून घ्या. महिन्याला ₹१,८००, अनामत ₹५००, लॉकरचे ₹१५० वेगळे. सकाळी सात ते रात्री अकरा. ज्येष्ठांना सवलत नाही. मी विचारून पाहिलं, तर मालक म्हणाले, “काकू, खुर्ची तर तुम्हीही तेवढीच अडवणार ना?” यावर काय बोलणार!

अर्जात ‘परीक्षा’ असा रकाना असतो. एमपीएससी, यूपीएससी, सीए, नीट, बँकिंग, इतर. बँकिंगची परीक्षा मी १९८५ साली दिली, पास झाले, नोकरी करून निवृत्तही झाले. आता मला कुठलीच परीक्षा द्यायची नाही, हे टेबलावरच्या मुलाला पटेना. शेवटी त्याने ‘इतर’वर खूण केली आणि समोर रेघ मारली. घरी वाचन होत नाही, एवढंच माझं कारण. दोन खोल्या, टीव्ही, नातवंडं, आणि दर वीस मिनिटांनी वाजणारी दाराची बेल.

मी तिथे काय वाचते हे सांगितल्याशिवाय माझ्या तक्रारी आणि कौतुक दोन्ही कळणार नाहीत. सेंट व्हिक्टरच्या ह्यूचं ‘डिडास्कालिकॉन’. बँकेतल्या माझ्या वसईच्या मैत्रिणीने इंग्रजी भाषांतर हातात कोंबलं आणि म्हणाली, “ख्रिस्ती म्हटलं की तुम्हाला केकच आठवतो, जरा हे वाच.” बाराव्या शतकात पॅरिसमध्ये सेंट व्हिक्टर नावाचा मठ होता. ह्यू तिथे शिकवायचा, ११४१ साली वारला. काय वाचावं, कुठल्या क्रमाने वाचावं आणि कसं वाचावं, एवढ्यावरच त्याने हे पुस्तक लिहिलं. पहिल्या प्रकरणाची सुरुवातच अशी की मिळवण्याजोग्या सगळ्या गोष्टींत पहिलं म्हणजे शहाणपण. हे शहाणपण म्हणजे हुशारी नव्हे; ह्यूच्या लेखी ते साक्षात देवाचं मन आहे, आणि त्याच्या उजेडात माणसाला स्वतःची ओळख पटते. वाचन ही तिकडे जायची पहिली पायरी. पुढे इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्याच्या ‘पॅराडिसो’ म्हणजे स्वर्गाच्या भागात, बाराव्या सर्गात ह्यूला स्वर्गातल्या विद्वानांत बसवलं. त्याच महाकाव्याचं जुनं हस्तलिखित आपल्या एशियाटिक सोसायटीत, टाऊन हॉलमध्ये आहे. म्हणजे गडी मुंबईला अगदीच परका नाही.

आता जागेकडे. प्लायवुडचे कप्पे आहेत, प्रत्येकाला ट्यूबलाइट आणि प्लग. खुर्च्या बऱ्या, पाठ धरत नाही. उजेड उत्तम, आणि याला मी पूर्ण गुण देते. सहाव्या शतकात कॅसिओडोरस नावाच्या गृहस्थाने राजदरबारातली नोकरी संपल्यावर इटलीच्या दक्षिण टोकाला व्हिव्हेरियम हा मठ काढला. तिथल्या पुस्तकी भिक्षूंसाठी त्याने आपोआप तेल ओढत राहणारे दिवे बसवले, दिवसासाठी सूर्यघड्याळ, ढगाळ हवेसाठी आणि रात्रीसाठी पाण्याचं घड्याळ. निवृत्तीनंतर हे सगळं सुचणारा माणूस मला आवडतो. वाचणाऱ्याला आधी दिवा लागतो आणि मग उपदेश, हे त्याला कळलं होतं. इथल्या मालकांनाही कळलंय, कारण इन्व्हर्टर आहे आणि वीज गेली तर ट्यूब लुकलुकतसुद्धा नाही.

ए.सी. मात्र अघोरी. दुपारी तो अठरावर असतो आणि रिमोट मामांच्या खिशात. मामा म्हणजे इथले देखरेख करणारे. मध्ययुगातल्या लेखनिकांनी पोथीच्या शेवटी लिहून ठेवलंय की बोटं तीनच लिहितात, पण कष्ट सगळ्या अंगाला होतात. मला ते अठरा डिग्रीत पटलं. शाल न्या.

मामांबद्दल मुलं कुरकुर करतात. ते तासातासाला फेरी मारतात, कोण मोबाइलवर रील बघतंय, कोण डोकं टेकून झोपलंय, ते पाहतात आणि टेबलावर बोटाने टकटक करतात. मी मुलांना सांगितलं की हे फार जुनं खातं आहे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने भिक्षूंसाठी लिहिलेल्या मठनियमात, अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात, स्पष्ट लिहिलंय की वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठ भिक्षूंनी मठात फिरावं आणि कुणी आळसात किंवा गप्पांत वेळ घालवतोय का ते बघावं. म्हणजे चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीही लोक पुस्तक उघडं ठेवून भलतंच करत होते. फरक इतकाच की बेनेडिक्ट उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर अंथरुणावर पडायची मोकळीक देतो. मामा देत नाहीत.

त्या दुपारच्या विश्रांतीबद्दल बेनेडिक्टने एक अट घातलीय. कुणाला तेव्हा वाचायचं असेल तर त्याने ते स्वतःपुरतं वाचावं, दुसऱ्याला त्रास होईल असं नको. हे सांगावं का लागलं? कारण वाचणं म्हणजे तोंडाने वाचणं. संत ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात मिलानच्या बिशप अँब्रोजबद्दल लिहितो की त्याचे डोळे पानावरून सरकत, मन अर्थ शोधत असे, पण आवाज आणि जीभ शांत. येणारे-जाणारे बघत बसत. हा असा का वाचतो याची कारणंही ऑगस्टीन शोधतो. कदाचित घसा जपत असेल, म्हणतो. जुन्या लॅटिन पोथ्यांत शब्द तोडलेले नसायचे, सलग ओळ. मग आयर्लंडच्या भिक्षूंनी शब्दाशब्दांत जागा सोडायला सुरुवात केली आणि डोळ्याने वाचणं सोपं झालं. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. आजोबांकडची गुरुचरित्राची जुनी पोथी अशीच सलग छापलेली होती, आणि ते ती पुटपुटत वाचायचे तेव्हाच शब्द सुटे व्हायचे.

तर, मी पुटपुटते. ह्यूसारखं पुस्तक मला ओठ हलवल्याशिवाय कळत नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कप्प्यातल्या सीएच्या मुलीने चिठ्ठी सरकवली: “काकू प्लीज, आवाज येतोय.” मामा आले आणि मला हाताने खूण करून मागच्या गॅलरीत घेऊन गेले.

ही गॅलरी हीच या जागेची खरी कमाई. जाहिरातीत तिचा उल्लेख नाही, फोटोतही नाही. इमारतीच्या मागच्या अंगाला लांबलचक, लोखंडी गजांची, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या अजून तशाच. आत कडक मौन, आणि पाठांतर करायचं तर इथे यायचं. सहा-सात मुलं एकमेकांना न धडकता येरझारा घालत असतात. एकाचं “तीनशे बावन्न, तीनशे छप्पन्न, तीनशे साठ” चाललेलं, आणीबाणीची कलमं. एक मुलगी हाडांची नावं घोकते. मधूनच कुणीतरी थांबतं, डोळे मिटतं, पुन्हा चालू लागतं. दहाव्या शतकातल्या गोर्झ मठाच्या जॉन या भिक्षूबद्दल त्याच्या चरित्रकाराने लिहिलंय की तो मधमाशीसारखा गुणगुणत स्तोत्रं घोळवत असे. दुपारी चार वाजता या गॅलरीच्या दारात उभं राहा, तसाच आवाज येतो.

नुसतं घोकणं म्हणजे वाचन का, हा प्रश्न आहेच. बाराव्या शतकातलाच गिगो (द्वितीय), फ्रान्समधल्या शार्त्रूझ मठाचा प्रमुख, चार पायऱ्या सांगतो: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थना त्यातली चव काढते, आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. या गॅलरीत पहिल्या दोन पायऱ्या जोरात चालतात. पुढच्या दोनचा अभ्यासक्रमात समावेश नाही. पण मुलांना नावं ठेवायचा मोह मी आवरते. ह्यू स्वतः पाठांतराचा कट्टर पुरस्कर्ता. वाचलेल्याचा थोडक्यात सारांश काढून आठवणीच्या पेटीत ठेवा, म्हणतो, आणि मधूनमधून पोटातून जिभेवर आणून पुन्हा चाखा. इथल्या प्लायवुडवर चिकटवलेले पिवळे कागद म्हणजे दुसरं काय आहे? आणि लहानपणी हाच ह्यू अंक कळावेत म्हणून खडे मांडायचा, फरशीवर कोळशाने त्रिकोण काढायचा. त्याचं ते प्रसिद्ध वाक्य या आठवणींच्या जवळच येतं: सगळं शिका, पुढे कळेल की त्यातलं काहीच फुकट नव्हतं. हे मी हाडांच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “काकू, सिलॅबसच्या बाहेरचंही?” मी म्हटलं, त्याच्या सिलॅबसमध्ये विणकाम, शेती, वैद्यकी, नौकानयन आणि नाटकसुद्धा होतं. स्वयंपाक तर चक्क शिकारीच्या शास्त्रात मोडतो, बेकरीवाले आणि खाटिकांसकट. चाळीस वर्षं आमटी करून मी एका विद्याशाखेची सेवा केली हे मला साठी उलटल्यावर कळलं. तिला हसू आलं, पण मग ती हाडांकडे वळली. तिची परीक्षा जवळ होती.

पैशांबद्दल दोन शब्द. ₹१,८०० दादरच्या मानाने रास्त आहेत. डबा खायच्या खोलीत मात्र सतत एकच विषय चालतो: कुणी कुठल्या टेस्ट सिरीजला किती हजार भरले. ह्यू आपल्या काळच्या विद्यार्थ्यांवर चिडून लिहितो की हे लोक काय शिकलो ते सांगत नाहीत, किती खर्च केला याची फुशारकी मारतात. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं, तर एक जण म्हणाला, “काकू, तो क्लास लावायला नाही म्हणत होता का?” नाही, तसं म्हणत नव्हता. पण बारीक बुद्धी भरल्या पोटी निपजत नाही, असं नक्की म्हणत होता. यावर वडापाव खाणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिकणाऱ्याला काय काय लागतं, याची एक यादी ह्यू जुन्या गुरूच्या नावावर देतो: नम्र मन, शोधायची ओढ, शांत आयुष्य, मुकाट चिकित्सा, गरिबी आणि परकी भूमी. शेवटच्या दोन गोष्टी वाचताना मी आधी भुवया उंचावल्या होत्या. असले सल्ले पोट भरलेलेच देतात, असं वाटलं. पण ह्यू पुढे लिहितो की मी लहानपणापासून परमुलखात राहिलोय, आणि गरिबाच्या झोपडीतली ती एवढीशी जागा सोडताना जीव कसा तुटतो हे मला ठाऊक आहे. माझ्या समोरच्या कप्प्यात बुलढाण्याचा एक मुलगा बसतो. परळला कॉट बेसिसवर राहतो, म्हणजे खोली नाही, फक्त कॉट त्याची. गणपतीत दादर अर्धं रिकामं झालं तेव्हाही तो होता. मी मोदक नेले तर म्हणाला, “मावशी, आई पण असेच करते, फक्त कळ्या एवढ्या बारीक नसतात.” इथे सगळे मला काकू म्हणतात, तो मावशी म्हणतो. त्याला मी ते पान दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, ओठ हलवत, आणि पुस्तकाचा फोटो काढून घेतला.

उणीव एकच, पण मोठी. अभ्यासिकेत पुस्तकं नाहीत. म्हणजे जुन्या गाइडांचं एक कपाट आहे आणि त्याची किल्ली हरवली आहे. बेनेडिक्टच्या मठात ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळायचं, आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, न गाळता वाचायचं. एक फळी तरी ठेवा, असं मी मालकांना सुचवलं, माझी पुस्तकं देते म्हटलं. “काकू, फळी लावली की दोन खुर्च्या जातात,” असं उत्तर आलं. ₹३,६०० महिना, हिशेब मलाही येतो. तरी विचारत राहणार आहे.

स्वच्छतागृह ठीक, बायकांचं वेगळं आहे. पाण्याचा फिल्टर चालतो. वायफाय आहे, पासवर्ड मागू नका, मामा संशयाने बघतात. पूर्वपरीक्षेच्या आधीचे दोन महिने जागा मिळणार नाही, परीक्षा झाली की लगेच जा.

खुर्ची निवडायला मिळाली तर गॅलरीच्या दाराजवळचा कप्पा मागा. दार सारखं उघडतं म्हणून मुलं तो टाळतात, पण तिथे ए.सी. सौम्य लागतो आणि पुटपुटायला एक पाऊल पुरतं. सध्या तो माझ्याकडे आहे, तरी दुपारी एक ते चार मी घरी जेवायला आणि झोपायला जाते, तेवढ्या वेळात बसून बघा.