पहिला डीएसएलआर: कॅनन १५००डी की निकॉन डी३५००?

फोटोग्राफी मनापासून शिकायची आहे, बजेट मोजकं आहे आणि गाडी या दोन कॅमेऱ्यांपाशी येऊन अडली आहे, असं अनेकांचं होतं. दोन्ही २०१८ साली आले. दोघांचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) एपीएस-सी आकाराचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, आणि २४ मेगापिक्सेलचा. भर उजेडात किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सने) काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर कोणता कशाचा हे ओळखणं अवघड जाईल. तेव्हा मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. खरा फरक लेन्स, फ्लॅश आणि बॅटरीत आहे.

माझा कौल डी३५००ला. निकॉनने त्याचं उत्पादन बंद केलं आहे, म्हणजे तो सेकंडहँडच घ्यावा लागणार. तरीही चांगल्या स्थितीतला मिळाला तर मी तोच घ्यायला सांगेन, आणि त्याचं मोठं कारण लेन्सचं आहे.

आपण सुरुवातीला फोटो काढतो ते घरातच: मुलं, आजी, गणपतीची आरास. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात धावणारं मूल टिपायचं तर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास हवा. १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६पेक्षा जास्त उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). एफ/१.८ची प्राइम लेन्स (झूम नसलेली) त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणून कॅमेऱ्यानंतरची पहिली खरेदी हीच असावी. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८जीपेक्षा स्वस्त आहे आणि पोर्ट्रेटसाठी सुंदर आहे. पण एपीएस-सी सेन्सरवर तिची चौकट ८० मिमीसारखी अरुंद होते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकली तरी चार माणसं मावत नाहीत. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स त्याच खोलीत निवांत काम करते. तिची चौकट साधारण ५२ मिमीची. कॅननची २४ मिमी एफ/२.८ एसटीएमही छान आहे, पण ती उजेड कमी घेते.

निकॉनच्या बाजूला एक खड्डा मात्र आहे. डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्तात दिसतात, त्या बसतात, पण ऑटोफोकस होत नाहीत. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं पाहूनच घ्या. कॅननकडे ही चिंता नाही. १९८७पासूनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे काकांची जुनी ईएफ लेन्स १५००डीवर सहज चालेल. घरात अशा लेन्स पडून असतील तर माझा कौल बाजूला ठेवा आणि कॅनन घ्या.

फ्लॅशचा मुद्दा दुकानदार सहसा काढत नाहीत. १५००डीच्या हॉट शूमध्ये (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन दिलेली नाही. त्या पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर (दूरचा फ्लॅश उडवणारी उपकरणं) त्यावर उडतच नाहीत. पुढे मंगल कार्यालयात हळदी-साखरपुडे टिपायची इच्छा असेल, तर हे फार महागात पडतं. डी३५००चा हॉट शू नेहमीसारखा आहे.

बॅटरी: कंपन्यांच्या आकड्यांनुसार डी३५०० एका चार्जवर १,५५० फोटो देतो, १५००डी ५००. वारीत किंवा गडावर मुक्काम असेल तर हा फरक जाणवतो. सलग फोटोंचा वेग डी३५००चा सेकंदाला ५, १५००डीचा ३. फोटो मोबाइलवर पाठवायला मात्र कॅननचं वायफाय बरं. निकॉनकडे फक्त ब्लूटूथ, त्यामुळे बहुतेक वेळा २ मेगापिक्सेलच्या छोट्या प्रतींवर भागवावं लागतं.

व्हिडिओ हाच मुख्य हेतू असेल तर हे दोन्ही सोडा. बाहेरचा माइक दोघांनाही जोडता येत नाही, स्क्रीनही वळत नाही. कॅनन २००डी मार्क २ पाहा: वळणारी स्क्रीन, माइकची सोय, लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर बघून काढताना) डोळ्यावर धरणारा फोकस. पण हॉट शूची पिन त्यातही नाही.

सेकंडहँड पाहायला जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. निकॉन प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा) नोंदवतो, तो एक्झिफ (फोटोच्या फाइलमधली माहिती) दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये वाचता येतो. १५००डीच्या फाइलमध्ये तो सापडत नाही, मग ग्रिपचं रबर आणि बटणांची झीज यावरूनच अंदाज बांधावा लागतो. लेन्स उजेडाकडे धरा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला आत बुरशी येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर कितीही स्वस्त असो, ती घेऊ नका. आपली लेन्सही जूनपासून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेल ओलावा धरून बसलं की वेळच्या वेळी बदला.