न्हाणीतलं स्टूल, बिनपाण्याचे टॉवेल आणि शाम्पूची टोपी, आठ महिने वापरून लिहितेय

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल कोणीतरी पैसे देऊन लिहून घेतलंय. गोव्यात म्हार्दोळजवळ राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवायचे, सध्या बिनपगारी रजेवर आहे. २०२२ च्या जानेवारीत कोविड झाला, ताप चार दिवसांत गेला पण माणूस काही पूर्ववत झालं नाही. उभी राहिले की छाती धडधडते, डोळ्यांपुढे काळोख येतो, आणि जरा जास्त काम झालं की त्याची शिक्षा दुसऱ्या दिवशी नाहीतर तिसऱ्या दिवशी मिळते. पहिल्या डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्यांनी आडवं झोपवून ठोके मोजले मग दहा मिनिटं उभं केलं, ७६ चे १२१ झाले. याला पॉट्स म्हणतात, मोठ्या माणसाचे ठोके उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ३० किंवा जास्त वाढले आणि बीपी मात्र तसं पडलं नाही तर हे असू शकतं असं त्यांनी समजावलं.

आता यात अंघोळ कुठून आली? सगळीकडून आली. गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पायांकडे उतरतं, डोक्याला कमी पडतं, त्यात दोन्ही हात वर करून केस चोळायचे, दार बंद, वाफ कोंडलेली. आणि मी तर भाणातल्या, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्यातल्या, कढत पाण्याने न्हाणारी, आईकडची सवय, कोमट पाणी म्हणजे मला अंघोळच वाटत नाही. एकदा डोक्यावर शाम्पूचा फेस असताना भिंतीला पाठ टेकवून खाली घसरले ती उठताच येईना, तोंडातून आवाज फुटेना म्हणून तांब्या दारावर आपटत बसले. हे बाहेर पेपर वाचत होते, त्यांना वाटलं शेजारच्या पत्र्यावर नारळ पडतायत.

त्यानंतर चार-चार दिवसांनी अंघोळ. गोव्यात. जुलै महिन्यात. बाकी काय सांगू, मांड्यांत आणि छातीखाली लालभडक पुरळ आलं, फंगस, मलम लावून तीन आठवडे गेले. तेव्हा मग ठरवलं की बिनपाण्याचं जे काय मिळतं ते बघायचं.

फोंड्यात एका सर्जिकलच्या दुकानात गेलो, मी गाडीतून उतरून काउंटरला टेकून उभी, बेडबाथचे ओले टॉवेल मागितले तर तो म्हणतो "तें पेशंटाखातीर, तुका कित्याक जाय?" म्हणजे ते पेशंटसाठी असतात, तुला कशाला हवेत. मी म्हटलं मीच पेशंट. त्याने एकदा मला बघितलं एकदा ह्यांना बघितलं आणि पाकीट ह्यांच्या हातात दिलं. तेव्हा राग आला होता पण पुढे आठ महिने वापरताना कळलं की तो एकटा नाही, सगळा मालच त्या हिशोबाने बनवलेला असतो. पेशंट पडून राहणार आणि दुसरं कोणीतरी पुसणार. स्वतःचं स्वतः करणारा आजारी माणूस त्यांच्या डोक्यातच नसतो. पाकिटावरचा फोटो बघा, एक हसरी नर्स आणि खाली नुसता एक हात.

तर ते टॉवेल. एका पाकिटात दहा, मला अडीचशेला पडले, नॅपकिनएवढे मोठे, जाड, आत पाणी-कोरफड-थोडं साबणासारखं काहीतरी, पुसायचं आणि धुवायचं नाही. काम करतात का तर हो, चांगलं करतात. घामाचा वास जातो, अंग हलकं वाटतं, आणि मुख्य म्हणजे आडवं पडून होतं. एक चेहरा-मानेला, एक काखांना, एक छातीखाली आणि पोटाला, एक पाठीला जमेल तेवढी, एक पायांना, आणि जांघांचा सगळ्यात शेवटी तोही पुढून मागे, आणि तो वापरला की टाकला, परत वर आणायचा नाही. रोज सगळं अंग पुसायचं भूत माझ्या डोक्यातून गेलंय. काखा, छातीखालची घडी, जांघा, पायाच्या बोटांची बेचकी आणि तोंड, एवढं झालं की बाकीचं दोन दिवस थांबतं.

तक्रारी पण ऐका. पाकिटाचं तोंड चिकटपट्टीचं, ओल्या हाताने उघडत नाही आणि उघडलं तर परत बंद होत नाही, मी कपडे वाळत घालायची पिन लावते. थंडगार असतात, अंगावर शहारा येतो, मायक्रोवेव्हमध्ये गरम करा लिहिलंय पण आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही, मी बंद पाकीटच गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवते. आणि आपोआप सुकतं म्हणतात ते कुठे सुकत असेल तिथे सुकत असेल, पावसात आमच्याकडे कातडीवर चिकट थर राहतो. म्हणून मागून सुक्या मलमलच्या फडक्याने घड्या टिपून घ्यायच्याच आणि पाच मिनिटं पंख्याखाली तसंच पडायचं. पावडर नको, मी आधी थापायचे, ओलीत तिचे गोळे होतात आणि खाली परत तेच पुरळ. संडासात तर अजिबात टाकू नका, विरघळत नाहीत, आमचं सोकपिट, म्हणजे संडासाचा शोषखड्डा, तुंबलं तेव्हा जो माणूस उपसायला आला त्याने जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक चूक माझी. दुसऱ्या वेळी घाईत क्लोरहेक्सिडिनवाले आणले, दिसायला सेम, मला वाटलं औषधवाले म्हणजे जास्त चांगले. ते आयसीयूत आणि ऑपरेशनच्या आधी वापरतात, जंतू मारायला. घरात रोज अंग पुसायला त्यांची गरज नाही, डोळ्या-कानात जाता कामा नये, नाजूक जागी तर नाहीच. मला दोन दिवसांत खाज सुटली. वर त्याचे डाग पडलेली चादर ब्लीचमध्ये टाकली तर डाग जायचे सोडून तपकिरी झाले. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा बाबांनो, मी शिक्षिका असून वाचली नाहीत.

शाम्पूची टोपी. ही प्लॅस्टिकची टोपी असते, आत ओलसर कापड, डोक्यात घालायची, वरून दोन-तीन मिनिटं चोळायचं, काढायची, पुसायचं, झालं. दोनशेच्या आसपास, आणि एकदाच चालते. कल्पना भारी आहे. पण माझे केस कमरेपर्यंत आणि लहानपणापासून खोबरेल तेल मुरलेले, टोपीला ते झेपलं नाही, टाळू जरा मोकळी झाली पण खाली शेपटा तसाच तेलकट, आणि टोपीत तो कोंबायचा म्हणजे तांदळाच्या पोत्यात गादी भरल्यासारखं. शिवाय चोळायला हात वर न्यावेच लागतात, म्हणजे ज्या कामासाठी टोपी घेतली तेच काम. मुलीकडून चोळून घेतलं तेव्हा जमलं. शेवटी गणपतीच्या आधी केस खांद्यापर्यंत कापले. आई आठवडाभर बोलली नाही, मग एक दिवस स्वतःच जायांच्या फुलांची माळ घेऊन आली आणि एवढ्याशा केसांत कुठे माळू म्हणून माझ्यावरच चिडली. कापल्यावर टोपी बऱ्यापैकी चालते, तेल न लावता. बॉयकट असेल, केमो वगैरे चालू असेल, नाहीतर म्हातारं माणूस असेल तर खुशाल घ्या. मधल्या दिवसांत मी थोडी तवखीर केसांच्या मुळांशी चोळून ब्रशने झटकते, तेलकटपणा ओढून घेते, फक्त नीट झटका नाहीतर एका रात्रीत केस पिकल्यासारखे दिसतात.

आता स्टूल. हे आधी घ्यायला पाहिजे होतं, उगाच तीन महिने घालवले. अ‍ॅल्युमिनियमचे पाय, खाली रबरी बूट, वर प्लॅस्टिकची भोकं असलेली बैठक, उंची कमीजास्त होते, चौदाशे रुपये. पाठ असलेलं दोन हजाराच्या पुढे जातं, पैसे असतील तर पाठवालंच घ्या, चक्कर येणाऱ्याला टेकायला लागतं. आमच्याकडे पहिल्यांदा ह्यांनी घरातली साधी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती, तिचे पाय साबणाच्या पाण्यावर फाकतात, ती चूक करू नका. बसल्यावर पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत आणि उठताना ढुंगण फार खाली नको, एवढं बघून उंची लावा. लादी आधी घासून घ्या, आमच्या न्हाणीत पावसात शेवाळ धरतं, रबरी बूट असले तरी शेवाळावर काय करणार.

स्टूलबरोबर साडेपाचशेचा हँडशॉवर बसवला. प्लंबर येईपर्यंत दोन आठवडे गेले, तो वेगळा विषय. बसून, कोमट पाणी, आधी पाय मग वर, दार लोटलेलं पण कडी नाही, बादली-तांब्या उचलायचा नाही, आठ मिनिटांत बाहेर. पहिल्या दिवशी बोटाला ऑक्सिमीटर लावून बसले होते, ठोके ९८ च्या वर गेले नाहीत. मला रडू आलं म्हणजे खरंच आलं, शॉवरखाली कळत नाही एवढंच. आता आठवड्यातून दोनदा अशी अंघोळ होते, संध्याकाळी, म्हणजे नंतर उठून काही करायला लागत नाही.

पुसण्यात पण दम जातो हे निरोगी माणसाला कळणार नाही. वाकून पोटऱ्या पुसल्या की परत चक्कर. गावातल्या शिवणकामवालीकडून दोन टर्किश टॉवेलचा ढगळ गाऊन शिवून घेतला, ओल्या अंगावरच घालायचा आणि पलंगावर जाऊन पडायचं, पाणी तो पितो. पावसात तीन दिवस वाळत नाही म्हणून दोन शिवले.

आणि आता ते ओले टॉवेल मी घरी जवळपास बंद केलेत, का ते सांगते. पूर्वीसारखं घमेलं आणि नॅपकिन घेऊन पुसायचं तर त्यातलं अवघड काम पुसणं नाहीच आहे, पिळणं आहे. मनगटं जातात. त्या अडीचशे रुपयांत आपण खरं म्हणजे न पिळणं विकत घेतो. हे एकदा लक्षात आल्यावर ह्यांना म्हटलं तुम्ही ऑफिसला जाण्याआधी सहा नॅपकिन गरम पाण्यातून घट्ट पिळा, त्यातल्या दोनाला थेंबभर सौम्य साबण, बाकी साधे, गुंडाळ्या करा आणि चपात्यांच्या जुन्या कॅसरोलमध्ये ठेवून माझ्या उशाशी द्या. तासाभराने पण गरम असतात. मला जाग येईल तेव्हा, अंगात त्राण असेल तेव्हा, झाकण उघडायचं, एक गुंडाळी घ्यायची. दुसऱ्या माणसाच्या वेळेवर अंघोळ करायची नाही. मनगटावर एकदा टेकवून बघा मात्र, फार कढत असतो कधीकधी. वापरलेले एका बादलीत, संध्याकाळी मशीनला. त्या कॅसरोलवर मुलीने मार्करने "चपात्या नाहीत" लिहिलंय कारण तिच्या मैत्रिणीने एकदा उघडला.

आईचं एकच राहिलं होतं, अंघोळ नाही तर देवाला हात नाही. पुसून घेतलेलं अंग तिच्या हिशोबात अंघोळ नव्हे. मग एक दिवस तिचाच गुडघा दुखावला, पंधरा दिवस पलंगावर, आणि कॅसरोल तिच्या उशाशी गेला. आता पुसल्यावर ती तुळशीला हात जोडते, लांबून, पण जोडते.

तर माझे मार्क. स्टूल-हँडशॉवरला पाचपैकी पाच, वजा अर्धा कारण काही महिन्यांतच स्क्रू गंजले, स्टीलचे बदलून घ्यावे लागले. ओल्या टॉवेलांना साडेतीन, प्रवासाला आणि एकदम वाईट दिवसांना एक पाकीट घरात असू दे, मी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, तपासायला जाते तेव्हा पिशवीत असतं. टोपीला लांब केसांसाठी दीड, आखूड केसांसाठी साडेतीन. पाकीट उघडण्याच्या त्या चिकटपट्टीला शून्य. आणि कोणाला पाठ असलेलं, हात टेकायला दांडे असलेलं आणि न गंजणारं स्टूल फोंडा-पणजी भागात मिळालं असेल तर दुकान सांगा, आईसाठी हवंय, ती माझं वापरते आणि उंची बदलून ठेवते.